संकलकाच्या खोलीचा इतिहास: रिळापासून हार्ड डिस्कपर्यंत

चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या संकलनाचा इतिहास लिहिताना कोणते यंत्र कोणत्या साली आले याची नोंद आवर्जून घेतली जाते. पण त्या यंत्राची देखभाल कोण करीत असे, मूळ चित्रण कोणाच्या कुलपात राहत असे आणि ते खराब झाले तर जाब कोणाला विचारला जाई, याकडे क्वचितच लक्ष जाते. संगणकामुळे संकलन वेगवान झाले हे खरे असले, तरी वेग हा या स्थित्यंतराचा वरवर दिसणारा भाग आहे. पूर्वी प्रयोगशाळा, स्टुडिओ, यंत्रे दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि निगेटिव्ह कापणारा कारागीर यांच्यात वाटला गेलेला भार टप्प्याटप्प्याने सरकत संकलकाच्या खोलीत येऊन पडला, आणि योग्य संगणक निवडणे व तो नीट राखणे हे संकलनाच्या व्यवसायाचेच अंग बनले, हा अधिक खोल बदल होय.

आरंभी हा भार वाटून घेण्याइतका व्यवसायच विस्तारलेला नव्हता. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि प्रती छापण्याचे साहित्य मिळवून परतले, आणि १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या सुमारे ३,७०० फुटांच्या चित्रपटाचे बरेचसे तांत्रिक काम दादरच्या घरातच झाले. कच्ची फिल्म त्या वेळी कडांना छिद्रे नसलेली येई. ती अंधारात छिद्रे पाडून कॅमेऱ्यात भरण्याजोगी करणे, रसायनांत धुणे आणि तुकडे जोडणे या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. पुढे स्टुडिओंचा काळ आला तेव्हा ही कामे एकमेकांपासून वेगळी झाली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी एकाच आवारात चित्रीकरणाचे फलाट, रसायनशाळा आणि संकलन विभाग बाळगून होती. तरी संकलकाच्या टेबलापुढे येणारी फिल्म आणि रसायनशाळेच्या ताब्यातली फिल्म या दोन निराळ्या वस्तू झाल्या होत्या.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह धुतली गेली की प्रयोगशाळेच्या कोठारात ठेवली जाई आणि तिच्यावरून काढलेली साधी प्रत, म्हणजे रश प्रिंट, संकलकाकडे येई. संकलक तीच कापी, जोडी, पुन्हा उसवी आणि दिवसेंदिवस यंत्रातून फिरवी. तिच्यावर ओरखडे उठले, ग्रीस पेन्सिलीच्या खुणा पडल्या, एखादा तुकडा फाटला तरी मूळ चित्रणाला धक्का लागत नसे. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच ठरावीक अंतराने छापलेले क्रमांक रश प्रिंटवरही उतरत, आणि संकलन पक्के झाल्यावर निगेटिव्ह कापणारा कारागीर ते क्रमांक जुळवून धूळविरहित खोलीत मूळ निगेटिव्हला प्रथमच कात्री लावी. एकदा कापलेली निगेटिव्ह पूर्ववत करता येत नसल्याने या कामाला निष्णात माणसे लागत. १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत चित्रपटांसाठी वापरली जाणारी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे तिच्या साठवणुकीला आगीपासून राखलेली कोठारे लागत. ही फिल्म किती दीर्घकाळ धोकादायक राहते ते ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीने दाखवून दिले, कारण तीत भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा फार मोठा ठेवा जळून गेला. अशा वस्तूची राखण करणे संकलकाच्या कामाचा भाग नव्हता, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी केली नाही.

संकलकाचे स्वतःचे यंत्र या व्यवस्थेत साधेच होते. आयव्हन सेर्युरिए यांनी १९२४ साली हॉलीवूडमध्ये संकलनासाठी बाजारात आणलेले मूव्हिओला हे उभे यंत्र पायाच्या पट्टीने चालवले जाई, छोट्याशा काचेवर चित्र दाखवी आणि कॅमेऱ्याप्रमाणेच एकेका चौकटीला धक्का देत फिल्म ओढत असल्याने मोठा खडखडाट करी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रुळलेल्या सपाट टेबलाच्या यंत्रांत, ज्यांपैकी हॅम्बुर्गच्या स्टीनबेक कंपनीचे यंत्र विशेष प्रसिद्ध झाले, फिल्म आडव्या तबकड्यांवरून अखंड वाहत जाई आणि फिरत्या लोलकामुळे चित्र स्थिर दिसे. त्यामुळे छिद्रांवर ताण कमी पडे आणि आवाजही कमी होई. पुण्यात प्रभातच्याच आवारात १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या स्टीनबेकवर शिकल्या. ‘जाने भी दो यारों’ आणि ‘परिंदा’च्या संकलक रेणू सलुजा याच संस्थेत घडल्या.

या यंत्रांची निगा मुख्यतः स्वच्छतेची होती आणि ती साहाय्यकाच्या हाती असे. फिल्म जिथून सरकते त्या फटीतला मेणचट थर पुसणे, झिजलेले दाते वेळेत बदलून घेणे, पट्टे ताणलेले ठेवणे, हातांत पांढरे सुती मोजे घालणे, कापलेले तुकडे कापडी पिशवी लावलेल्या चौकटीवर खिळ्यांना टांगून ठेवणे आणि प्रत्येक तुकडा कोणत्या दृश्याचा कितवा टेक आहे याची वही लिहिणे, या नेमावरच खोली चालत असे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म धावते. म्हणजे एक लाख फूट चित्रण झाले तर साडेअठरा तासांचे तुकडे नावानिशी हाताशी ठेवावे लागत. हवा तो तुकडा मिनिटभरात काढून देणारा साहाय्यक ही त्या काळची शोधयंत्रणा होती आणि तिच्या दर्जावरच संकलकाचा वेग ठरे.

१९५६ साली ॲम्पेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर चित्र नोंदवणारे यंत्र आणले आणि डोळ्यांना न दिसणारे चित्र कापण्याची अडचण प्रथमच उभी राहिली. आरंभी टेपवर लोहकणांचा द्रव लावून, सूक्ष्मदर्शकाखाली नोंदींच्या रेषा शोधून ब्लेडने छेद घेतला जाई. पण लवकरच कापणे सोडून एका टेपवरून दुसरीवर क्रमाने नक्कल करत जाणे हीच रीत रूढ झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा पत्ता देणारा टाइमकोड आला, त्यामुळे नेमकेपणा वाढला. मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे मालिकांचा व उपग्रह वाहिन्यांचा काळ आला, तेव्हा शहरात खासगी संकलन-खोल्या शिफ्टवर भाड्याने मिळू लागल्या. या पद्धतीत आधी जोडलेल्या भागाची लांबी बदलायची झाल्यास पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे आणि प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडे विरळ होई. त्यामुळे भाड्याची शिफ्ट सुरू होण्याआधी कागदावर सगळे निर्णय घेऊन येणारा संकलक किफायतशीर मानला जाई. टेपयंत्रांची निगा फिल्मयंत्रांपेक्षा अवघड होती, कारण चित्र वाचणारे नाजूक हेड धुळीने तुंबत आणि मुंबईच्या पावसाळ्यात टेपवर बुरशी धरे. वातानुकूलन, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला आणि ठरल्या वेळी हेड साफ करणारा इंजिनिअर हे त्या खोल्यांचे अविभाज्य भाग होते. मात्र हा इंजिनिअर स्टुडिओच्या पगारावर असे आणि संकलक शिफ्ट संपली की घरी जाई.

संगणकावर संकलन करण्याची कल्पना याच काळात आकाराला येत होती. सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकी कंपन्यांनी मिळून १९७१ साली सादर केलेल्या सीएमएक्स ६०० या यंत्रात चित्रण मोठमोठ्या चुंबकीय डिस्कसंचांवर साठवले जाई आणि पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून कोणत्याही चौकटीवर थेट जाता येई. पण चित्र कृष्णधवल आणि अस्पष्ट होते, सर्व डिस्कसंच मिळून साठवण जेमतेम अर्ध्या तासाची होती आणि किंमत अडीच लाख डॉलरांच्या घरात होती. यंत्र फारसे खपले नाही. त्याच कंपनीने रूढ केलेली निर्णययादी, म्हणजे कोणत्या टेपवरचा कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंतचा भाग घ्यायचा हे सांगणारी साध्या अक्षरांतली यादी, मात्र आजही वापरात आहे. १९८४ साली लुकासफिल्मने लेझर डिस्कवर आधारलेले एडिटड्रॉइड आणि दुसऱ्या एका कंपनीने सतरा बीटामॅक्स यंत्रे एकत्र जोडलेले माँटाज आणले. दोन्हींमागे एकच अडचण होती: चित्र संगणकाच्या डिस्कवर मावत नव्हते, म्हणून ते बाहेरच्या माध्यमावर ठेवून संगणकाला केवळ हुकूम सोडण्यापुरते वापरले जात होते.

ती अडचण केवढी होती हे साध्या हिशेबाने कळते. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला वीस मेगाबाइटहून अधिक माहिती वाहते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मोठी समजली जाणारी नऊ गिगाबाइटची डिस्क अशा चित्राने साडेसात मिनिटांच्या आत भरून गेली असती. त्यामुळे चित्र आवळल्याखेरीज, म्हणजे डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील गाळून फाइल लहान केल्याखेरीज, मार्ग नव्हता. बिल वॉर्नर यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या ॲव्हिड कंपनीने १९८९ साली मॅकिंटॉश संगणकावर चालणारे मीडिया कंपोझर बाजारात आणले ते याच तडजोडीच्या बळावर. पडद्यावरचे चित्र अगदी खडबडीत असे, पण ते केवळ निर्णय घेण्यापुरते होते. अखेरचे चित्र टेपवरून वा निगेटिव्हवरूनच तयार होणार होते. म्हणजे रश प्रिंटची जागा डिस्कवरच्या हलक्या प्रतीने घेतली आणि मूळ वस्तू पूर्वीप्रमाणेच इतरांच्या ताब्यात राहिली. आज ज्याला प्रॉक्सी म्हटले जाते, म्हणजे जड मूळ फाइलऐवजी कामापुरती वापरायची हलकी प्रत, तिचे कूळ इथपर्यंत नेता येते.

फिल्मच्या चोवीस आणि दूरचित्रवाणीच्या चौकटींचा मेळ घालणे हा या काळातला खरा तांत्रिक पेच होता. अमेरिकेत सेकंदाला सुमारे तीस चौकटी असल्याने फिल्मच्या चार चौकटी व्हिडिओच्या पाच चौकटींवर विशिष्ट क्रमाने पसरवाव्या लागत आणि कोणती चौकट कोणत्या निगेटिव्हची हे उलगडणे किचकट होई. चोवीस चौकटींवर थेट काम करणारी यंत्रणा ॲव्हिडने नव्वदच्या दशकाच्या आरंभी आणली तेव्हाच मोठे चित्रपट निर्धास्तपणे संगणकाकडे वळले. भारतात पालच्या पंचवीस चौकटींमुळे फिल्मची एक चौकट म्हणजे व्हिडिओची एक चौकट असा सरळ हिशेब करता येत असे, फक्त चित्र आणि आवाज चार टक्क्यांनी वेगाने धावत आणि ते शेवटी आठवणीने मूळ गतीला आणावे लागे. वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ या १९९६च्या चित्रपटाचे संकलन फिल्मवर सुरू करून मध्येच ॲव्हिडवर नेले आणि त्याला संकलनाचे ऑस्कर मिळाले; संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती.

तरीही ही खोली एकट्या माणसाच्या आवाक्यात नव्हती. ती आली ती डीव्ही नावाच्या अंकीय टेपमुळे आणि फायरवायर या जोडणीमुळे. १९९५च्या सुमारास आलेल्या डीव्ही पद्धतीत चित्र कॅमेऱ्यातच आवळले जाई आणि तासाभराचे चित्रण तेरा गिगाबाइटच्या आसपास बसे, त्यामुळे महागड्या खास कार्डाशिवाय साध्या तारेने ते संगणकात घेता येऊ लागले. १९९९ साली ॲपलने आणलेले फायनल कट प्रो हे सॉफ्टवेअर ॲव्हिडच्या संपूर्ण संचाच्या तुलनेत अत्यल्प किमतीत मिळे, आणि मर्च यांनीच ‘कोल्ड माउंटन’ हा २००३चा, सुमारे सहा लाख फूट चित्रणाचा चित्रपट त्यावर संकलित केल्यावर त्याच्याकडे हौशी साधन म्हणून पाहणे थांबले.

महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत संगणकीय संकलन पोहोचले ते मात्र लग्नाच्या व्हिडिओमुळे, आणि या धंद्याला मराठी चित्रपटविषयक लेखनात आजवर जागा मिळालेली नाही ही खेदाची गोष्ट आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला संगणक, त्यात पिनॅकल, मॅट्रॉक्स किंवा जपानच्या कॅनोपस कंपनीचे कार्ड, आणि पुढे त्याच कॅनोपसचे एडियस हे सॉफ्टवेअर, अशी मांडणी करणाऱ्या फोटो स्टुडिओवाल्यांनी संगणकाच्या निवडीचे शास्त्र अनुभवातून घडवले. विंडोज असलेली डिस्क आणि चित्रण ठेवायची डिस्क वेगळी असावी, कारण एकाच डिस्कवर दोन्ही कामे पडली की चौकटी गळतात. चित्रणाची डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची असावी. फायरवायर कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असल्यास कॅमेरा हमखास ओळखला जातो. असे नियम तोंडोतोंडी पसरले. विंडोज ९८च्या काळात फॅट३२ या डिस्करचनेत कोणतीही फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नसल्याने डीव्ही चित्रण एकोणीस-वीस मिनिटांवर तुटे आणि तासाभराची टेप तीन-चार तुकड्यांत उतरवावी लागे. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर एनटीएफएस रचना सर्रास झाल्यावर हा त्रास संपला. कोणता भाग काम अडवून धरतो आहे ते शोधायचे आणि पैसा तिथेच घालायचा, ही निवडीची खरी पद्धत या लोकांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय आत्मसात केली होती.

त्यांच्या देखभालीचा मोठा भाग विजेशी निगडित होता. २००५च्या आसपास मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत तासन्‌तासांचे भारनियमन होते, आणि रेंडर म्हणजे जोडलेल्या चित्राची अखेरची फाइल बनवण्याची प्रक्रिया रात्रभर चालत असल्याने मध्येच वीज गेली की सारे पुन्हा करावे लागे; डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेल्यास फाइलच नव्हे, डिस्कची विषयसूचीही बिघडू शके. त्यामुळे बॅटरीवर काही मिनिटे तग धरणारा यूपीएस, दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर आणि पक्के अर्थिंग या तीन गोष्टींना चांगल्या प्रोसेसरइतकेच महत्त्व आले. उन्हाळ्यात धुळीने भरलेले पंखे ब्लोअरने साफ करणे, प्रोसेसरवरची वाळलेली उष्णतावाहक पेस्ट बदलणे आणि पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवणे ही कामे आता स्टुडिओच्या पगारी इंजिनिअरकडून खुद्द संकलकाकडे आली होती.

मूळ चित्रण मात्र अद्याप टेपवर होते आणि टेप कपाटात होती. डिस्क गेली तरी टेप पुन्हा उतरवता येई. पॅनासोनिकचे पी२ कार्ड २००४ साली आणि रेड वन हा कॅमेरा २००७ साली आला, तेव्हा हा शेवटचा आधार सुटू लागला. कार्डावरचे चित्रण डिस्कवर उतरवून कार्ड पुसायचे आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालायचे, अशी रीत पडल्यावर निगेटिव्हला समकक्ष असलेली एकमेव वस्तू म्हणजे डिस्कवरची फाइल ठरली. त्यातच २००८च्या अखेरीस आलेल्या कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू या स्थिरचित्र कॅमेऱ्याने एच.२६४ पद्धतीचे चित्रण सर्वदूर नेले. या पद्धतीत पूर्ण चित्र अधूनमधून एखादेच साठवले जाते आणि मधल्या चौकटींत केवळ बदललेला भाग नोंदवला जातो, त्यामुळे फाइल लहान होते. पण मधली एखादी चौकट दाखवायची झाल्यास प्रोसेसरला आधीच्या, कित्येकदा पुढच्याही, चौकटींवरून ती रचावी लागते. परिणामी लहान फाइल संगणकाला जड आणि मोठी फाइल हलकी, असा सामान्य समजुतीला न पटणारा अनुभव संकलकांना येऊ लागला. ॲव्हिडचे २००४चे डीएनएक्सएचडी आणि ॲपलचे २००७चे प्रोरेस ही चित्ररूपे प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवीत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सारे चित्रण त्यांत रूपांतरित करून घेण्याची शिस्त रूढ झाली. तिची किंमत मात्र कित्येक पट अधिक डिस्कच्या रूपाने मोजावी लागली.

या संक्रमणात २०११ या एका वर्षाने जेवढे ढकलले तेवढे क्वचितच एखाद्या वर्षाने ढकलले असेल. मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर झालेल्या भूकंप आणि त्सुनामीत सेंदाईजवळचा सोनीचा कारखाना पाण्याखाली गेला. उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची भिस्त असलेली एचडीकॅम एसआर टेप तिथे बनत असल्याने जगभर टेपचा तुटवडा पडला, आणि बदलाला नाखूश असलेल्या निर्मात्यांनीही फाइलचा मार्ग धरला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थायलंडला आलेल्या महापुरात हार्ड डिस्कचे मोठे कारखाने बुडाले आणि टेप सोडून ज्या डिस्ककडे सगळे वळत होते तिच्याच किमती एकाएकी चढल्या. मधल्या जून महिन्यात ॲपलने फायनल कट प्रो टेन हे संपूर्ण नव्याने लिहिलेले सॉफ्टवेअर आणले, ज्यात आधीच्या आवृत्तीतले प्रकल्प उघडत नव्हते आणि निर्णययादी किंवा टेपवर चित्र पाठवण्याची सोय आरंभी नव्हती. व्यावसायिक संकलकांत त्यावर तीव्र नाराजी उमटली आणि अनेक खोल्या ॲव्हिड किंवा ॲडोबी प्रीमियरकडे वळल्या. प्रीमियरने आदल्याच वर्षी चौसष्ट बिटांची, ग्राफिक्स कार्डावर गणिते करून घेणारी रचना स्वीकारली होती, त्यामुळे कार्डाची निवड हा खेळ खेळणाऱ्या मुलांचा विषय न राहता संकलकांच्या चर्चेत आला. रंगसंस्काराचे दाविंची रिझॉल्व्ह हे एकेकाळी लाखो डॉलरांच्या संचासह विकले जाणारे सॉफ्टवेअर ब्लॅकमॅजिक कंपनीने विकत घेतल्यावर याच वर्षी त्याची मर्यादित आवृत्ती विनामूल्य मिळू लागली. आणि वर्ष संपताना मोठ्या कॅमेरा कंपन्यांनी फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवल्याची बातमी आली. एका वर्षात टेप, डिस्क, सॉफ्टवेअर आणि फिल्म या चारही गोष्टींची हमी डळमळली. कोणत्याही एका कंपनीवर किंवा एका माध्यमावर सर्वस्वी विसंबू नये ही सावधगिरी त्यानंतरच्या मांडण्यांत स्पष्ट दिसते.

त्या सावधगिरीतून जतनाचे नियम पक्के झाले. अनेक डिस्क एकत्र बांधून एक बिघडली तरी माहिती वाचावी अशी रेड नावाची रचना बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ साली मांडली होती आणि संकलन-खोल्यांनी ती वेगासाठीही स्वीकारली, कारण ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे चित्र न आवळता वाहू द्यायचे तर सेकंदाला चारशे मेगाबाइटहून अधिक वेग लागतो आणि एकटी फिरती डिस्क तेवढा देऊ शकत नाही. परंतु रेड म्हणजे बॅकअप, हा गैरसमज आजही अनेक ठिकाणी आढळतो आणि तो घातक आहे. चुकून पुसलेली फाइल रेडच्या सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना पिक्सारच्या संगणकांवर एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा फार मोठा भाग पुसला गेला, बॅकअप नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघडकीला आले, आणि तंत्रदिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांनी घरून काम करता यावे म्हणून नेलेल्या संगणकावरची प्रत हाती लागली म्हणून काम वाचले. बॅकअप घेणे आणि तो परत उघडून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत हे या घटनेने जगजाहीर केले. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, हा आज सर्वमान्य असलेला नियम आणि कार्डावरची फाइल व डिस्कवरची नक्कल अक्षरशः सारखी आहे का हे गणिती बेरजेने तपासून मगच कार्ड पुसण्याची शिस्त, ही पूर्वीच्या निगेटिव्ह-कोठाराची आणि क्रमांक जुळवणाऱ्या कारागिराची जागा घेणारी व्यवस्था आहे.

हे ध्यानात घेतले तर संगणकाची निवड कोठून सुरू करावी हेही स्पष्ट होते. बाजारात नवा प्रोसेसर कोणता आला यापासून सुरुवात केली की पैसा चुकीच्या जागी जातो. येणारे चित्रण कोणत्या रूपात आणि किती तासांचे असेल, ते तसेच वापरायचे की रूपांतर करून, अखेरची प्रत चित्रगृहासाठी की दूरचित्रवाणीसाठी, इथून उलट दिशेने हिशेब करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. चित्र उलगडण्याची खास सोय इंटेलने २०११पासून आपल्या प्रोसेसरमध्ये अंतर्भूत केली आणि २०२० साली आलेल्या ॲपलच्या एम१ चिपमध्येही ती होती, त्यामुळे आवळलेल्या चित्रणाचा जाच पुष्कळ कमी झाला. पण डिस्कची जागा, विजेची हमी, रंग खरे दाखवणारा आणि ठरावीक काळाने तपासून जुळवलेला मॉनिटर या गोष्टींना पर्याय निर्माण झालेला नाही. चालू कामाच्या मध्ये सॉफ्टवेअर किंवा कार्यप्रणाली अद्ययावत करायची नाही, हा अलिखित नियमही जवळपास सर्व व्यावसायिक खोल्यांत कटाक्षाने पाळला जातो.

दीर्घकाळच्या जतनासाठी ही व्यवस्था पुन्हा चुंबकीय टेपकडेच वळली आहे. २००० साली आलेल्या एलटीओ नावाच्या माहिती-टेपच्या नव्या पिढ्या दर काही वर्षांनी येत राहिल्या आणि कपाटात वीज न खाता राहणारी ही काडतुसे डिस्कपेक्षा स्वस्त व टिकाऊ ठरली. परंतु २०१७ साली आलेली आठव्या पिढीची वाचनयंत्रे सातव्या पिढीची टेप वाचतात, सहाव्या पिढीची, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेली, वाचत नाहीत. त्यामुळे टेप शाबूत असली तरी वाचनयंत्र मिळत आहे तोवर ती पुढच्या पिढीवर उतरवणे भाग पडते. प्रकल्पांच्या फाइलींची गोष्टही तशीच आहे: जुन्या फायनल कट प्रोमध्ये केलेली कामे २०१७नंतरच्या मॅक कार्यप्रणालींवर उघडत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे त्या काळचे माहितीपट किंवा मालिका आहेत, त्यांपैकी अनेकांनी एक जुना मॅक मुद्दाम जुन्याच कार्यप्रणालीवर, इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे. त्याच्या बदलायच्या डिस्क आणि पॉवर सप्लाय सुट्या भागांच्या बाजारातून शोधून आणाव्या लागतात आणि त्यांचा खर्च आता संकलन-खोलीच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरला जातो.